बुधवारची सवलत

मुलगी पहिलीत गेली आणि मी पुन्हा नोकरी धरली. मधली सहा वर्षं मी घरी होते. मुलाखतीत साहेबांनी त्याला 'गॅप' म्हटलं, जणू काही मी सहा वर्षं एखाद्या खड्ड्यात पडून होते. ऑफिस खडकीला, काम दूध डेअऱ्यांमधल्या पाइपांचे आराखडे काढण्याचं. हे काम मला येतं, चांगलं येतं. तरी माझ्याहून बऱ्याच लहान मुलाच्या हाताखाली, सहा महिन्यांच्या बोलीवर रुजू झाले. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार.

पगारासाठी मी घासाघीस केली नाही. एकच मागितलं, आठवड्यातला एक दिवस घरून काम. साहेबांनी कुरकुरत बुधवार दिला. बुधवारी मुलीची शाळा दुपारीच सुटते. तिला आणायचं आणि दोघींनी एकत्र जेवायचं. वरणभात कालवता कालवता ती शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगते. त्याच भानगडी संध्याकाळी विचारल्या की "काही नाही" म्हणून उडवून लावते. तेवढ्या एका जेवणासाठी मी तो बुधवार मागून घेतला होता.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत मात्र बातमी वेगळीच पोचली. पहिल्या मजल्यावरची सून बुधवारी घरी असते! झालं. वरच्या मजल्यांची पार्सलं आमच्या दारात यायला लागली. गॅसवाला, फिल्टरवाला, नणंदेचे शिवलेले ब्लाउज आणून देणारी बाई, सगळ्यांना बुधवारच सापडला. सोसायटीचे सेक्रेटरी तर टाकी धुणाऱ्यांना परस्पर माझा नंबर देऊन मोकळे झाले. "अहो, आपण घरीच असता, म्हणून म्हटलं," असं वर मलाच ऐकवलं.

आता यातली खरी गंमत सांगते. माझा नवराही घरूनच काम करतो, आणि तो तर जवळजवळ रोज. मागच्या खोलीचं दार लावून बसतो. ते दार लागलं की सासूबाई भांडीसुद्धा हलक्या हाताने ठेवतात. त्याच्या भरवशावर आजवर कुणी साधं पार्सल ठेवलेलं नाही. मी बसायचे हॉललगतच्या खोलीत, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाशी. त्या खोलीच्या दाराची कडी नीट लागत नाही. "या रविवारी बघतो," असं नवरा कितीतरी रविवार म्हणत होता.

सासूबाई वाईट नाहीत, हे मी स्वतःला सारखं बजावते. माझ्यामागे मुलीचं सगळं त्याच करतात. पण बँकेतून निवृत्त झालेल्या त्यांच्या मुलाचं काम त्यांना काम वाटतं आणि माझं काम म्हणजे लॅपटॉप उघडून बसणं वाटतं, असं म्हणणार होते. बँकेतून निवृत्त त्या स्वतः झाल्यात, मुलगा नव्हे. चिडले की माझी वाक्यं अशी एकमेकांत अडकतात. आणि म्हणूनच तर जास्त चीड येते. जन्मभर नोकरी केलेल्या बाईला तरी कळायला हवं की नको?

सहावा महिना लागला. एका डेअरीच्या लोकांना नवा आराखडा व्हिडिओ कॉलवर समजावून सांगायचा होता, आणि साहेबांनी तो मला सांगायला लावला. "यावर तुमचं ठरवू," असं स्पष्ट म्हणाले. वार नेमका बुधवार, वेळ दुपारी चारची. मी आधीच जेवताना घरात सगळ्यांना सांगितलं, त्या वेळात मला हाक मारू नका. सासूबाई म्हणाल्या, "बरं बरं."

त्यांचं भजनी मंडळ आळीपाळीने एकेकीच्या घरी जमतं. त्या आठवड्यात जिच्याकडे पाळी होती तिच्याकडे रंगकाम निघालं. सासूबाईंनी लगेच सगळ्यांना आमच्याकडे बोलावून टाकलं. सून घरी आहेच, चहाचं बघेल. मला कळलं ते हॉलमध्ये टाळ वाजायला लागले तेव्हा. मी बाहेर जाऊन बघितलं, तर म्हणाल्या, "तू आत बस की. तुला कोण त्रास देतंय?"

कॉल सुरू झाला आणि पहिली काही मिनिटं फार छान गेली. एका ठिकाणी पाइपाचा उतार चुकत होता. तो तसाच राहिला असता तर धुतल्यावरही आत दूध साचून नासलं असतं. हे मी शोधून काढलं होतं. डेअरीचे मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं." सहा वर्षांनंतर कुणीतरी माझ्या डोक्याशी बोलत होतं. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात सासूबाईंनी दार ढकललं. "अगं, चहा टाकतेस ना? सगळ्या खोळंबल्यात!" मागून टाळ आणि पेटी. पडद्यावरचे सगळे हसले. डेअरीचे साहेब अगदी आपुलकीने म्हणाले, "वहिनी, आधी चहाचं बघून या. आम्ही थांबतो." आणि मग ज्याच्या हाताखाली मी होते त्या ऑफिसातल्या मुलाला विचारलं, "तोवर तुम्ही सांगा, उतार किती ठेवायचा?" त्याला काहीही माहीत नव्हतं. तरी तो सांगायला लागला.

माझे कान तापले. लॅपटॉप तसाच उचलला, टाळ वाजवणाऱ्या बायकांमधून वाट काढत मागच्या खोलीत गेले आणि दार उघडलं. नवऱ्याच्या कानात हेडफोन, समोर चिवड्याची वाटी. त्याने मला 'थांब' अशी खूण केली. मी थांबले नाही. "चहा तू टाक. माझा कॉल चालू आहे," म्हटलं. माझा माइक चालूच होता. तो उठला, मी त्याच्या खुर्चीत बसले. मग डेअरीचे साहेब खाकरून म्हणाले, "हं, बोला मॅडम."

चहा नवऱ्याने केला. मंडळ धन्य झालं! "काय गुणी मुलगा आहे हो तुमचा! एवढी नोकरी सांभाळून बायकोला मदत करतो!" आठवडाभर जिन्यात त्या चहाचीच चर्चा. रात्री त्याने मला विचारलं, "आलं जास्त झालं नव्हतं ना?" मी दिवा मालवला. बोलले असते तर भांडण झालं असतं.

मला कायम केलं. पत्र देताना साहेब म्हणाले, "काम उत्तमच आहे तुमचं. फक्त तो बुधवार... घरचे आवाज क्लायंटसमोर बरे दिसत नाहीत. बुधवारीही ऑफिसला आलात तर बरं." चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला, हे ओठांवर आलं होतं. पण मी "ठीक आहे" म्हणाले. घरी राहिले असते तरी तो बुधवार मला कुणी लाभू दिला नसता. येताना भाजीसाठी मंडईत थांबले आणि मटार निवडता निवडता रडू आलं.

मुलीला सांगितलं तर म्हणाली, "मग बुधवारी मी कुणाला सांगू?"

पुढच्या बुधवारी सकाळी मी तिच्या बुटाचे बंद बांधत होते, माझं हेल्मेट शेजारीच होतं. सासूबाई फोनवर मंडळातल्या कुणाला तरी सांगत होत्या, "नाही हो, आता आमच्याकडे नको. सून ऑफिसला जाते ना. बुधवारी घरी कुणीच नसतं."

मुलीने मान वर केली. "आजी, बाबा आहे की घरी."

"श्श," सासूबाई म्हणाल्या. "हळू बोल. त्याचा कॉल चालू आहे."