हे कापड नाही चालत

शेवंताकाकू गेल्याचं कळलं तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं, ते लिहायचं म्हणजे जिवावर येतं. पण काकूंसमोर गुळमुळीत बोललेलं कधी चाललं नाही, तर त्यांच्या मागं तरी कशाला? मला हायसं वाटलं. दुपारी वरणभात जेवल्या, ताट स्वतः घासलं, आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. ना दवाखाना, ना नळ्या, ना कोणाच्या हाताकडे बघत पडून राहणं. त्याच एका गोष्टीची त्यांना धास्ती होती. ‘मले लोळवू नका वं,’ असं त्या देवापेक्षा आम्हालाच जास्त बजावत, जसं काही ते आमच्या हातात होतं. वरवट बकालच्या आमच्या सामाईक अंगणात बाया रडत होत्या, मीही रडत होते, आणि आतून म्हणत होते, सुटल्या गं बाई…

आंघोळ घालायची वेळ आली. जळगाव जामोदहून त्यांच्या भावाच्या घरून माहेरचं लुगडं आलं होतं. नवं कोरं, झुळझुळीत, हात लावला तर बोटांना चिकटणारं. काकूंची लेक सुनंदाताई ते उलगडायला लागली आणि मी एकदम ओरडलेच, ‘ताई, ते वरून! आत त्याइचं सुती नेसवा!’ एक म्हातारी चिडली. ‘अवं, मेलेल्या मानसाले घाम येते काय?’ ‘काकूले येते,’ मी म्हटलं. मग सुनंदाताई रडता रडता फिस्सकन हसली आणि तिला पाहून आणखी दोघी. काकूंना त्यांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं नेसवलं, माहेरचं वरून पांघरलं. मी असं का ओरडले, हे आमच्या आळीला सांगायची गरज नाही. तुम्हाला सांगावं लागेल.

काकू म्हणजे माझ्या नवऱ्याची चुलती. भिंतीला भिंत, अंगण एक. चार लेकरांची माय, हाडापेरानं दणकट, तोंडानं फटकळ. आळीत कुणाकडे बाळ झालं की बारशाला काकूंची उशी ठरलेली. हाताएवढ्या चिंध्या जोडायच्या, खाली जुन्या धोतराचं अस्तर, त्यावर गोधडीसारखे धावदोऱ्याचे बारीक टाके, आणि आत मोहरी, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. कापड मात्र त्या विकत आणत नसत. घरोघरच्या बायांनी आणून द्यायचं. आणि त्यातही रीत अशी, की लेकुरवाळीचंच. जिच्या मांडीवर लेकरू खेळलं तिच्याच पातळाचा तुकडा बाळाच्या डोक्याखाली गेला पाहिजे. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण माझ्यासाठीच घातली असावी असं मला तेव्हा वाटायचं. कारण माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. दवाखाने झाले, उपास झाले, लोकांचे सल्ले तर अजून चालू आहेत! आळीतल्या प्रत्येक बारशाला मी जायची, पोळ्या लाटायची, भांडी आवरायची. चिंधी कधी नेली नव्हती. कुणी मागितलीच नव्हती.

मग माझ्या धाकट्या जावेला, रेखाला, मुलगा झाला. आता हे तर आमच्याच घरचं लेकरू. त्याच्या उशीत माझी एकही चिंधी नसावी? ते मला सहन होईना. मनाचा हिय्या केला आणि लग्नातलं मोतिया रंगाचं जॉर्जेटचं पातळ काढलं. माझ्याकडचं सगळ्यात भारी तेच. कात्री दोनदा खाली ठेवली, पण शेवटी लावली.

अंगणात बाया बसल्या होत्या. काकूंची पद्धत ठरलेली. चिंधी घ्यायची, चिमटीत चुरगळायची, गालावर फिरवायची, मग एक तर मांडीवर ठेवायची नाही तर बाजूला. कारण-बिरण काही सांगायचं नाही. माझा तुकडा घेतला, चुरगळला, गालाला लावला… आणि बाजूला ठेवला. ‘हे नाही चालत.’ एवढंच बोलल्या आणि पुढच्या चिंधीला हात घातला. कुणी वर पाहिना. एक शेजारीण उगाच पदर सारखा करत बसली. मी उठले, ‘दूध उतू जाईन माहं’ म्हणाले आणि घरात आले. दूध चुलीवर नव्हतंच.

पुढचे काही दिवस मी काकूंशी बोलले नाही. अंगण झाडताना त्यांच्या दारापुढचं सोडून झाडायची, एवढा राग. नवऱ्याला सांगून टाकलं, बारशाला माझं डोकं दुखणार आहे, मी येणार नाही. तो म्हणाला, ‘आतापासूनच ठरवलं का दुखाचं?’ मी लाटणं आपटलं. खरं सांगू का, राग काकूंचा नव्हताच. सगळ्या आळीच्या मनात होतं तेच त्यांनी करून दाखवलं, असं मला वाटत होतं. माझी सावली लेकरावर नको, हे आजवर कुणी बोललं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांत मिसळू शकत होते. आता कोणत्या तोंडानं मिसळायचं?

बारसं तोंडावर आलं आणि एका सकाळी काकूच दारात उभ्या. ‘काऊन वं, दुसरी चिंधी आनून देतं का नाही? उशी अडून राह्यली ना माही!’

माझा बांध फुटला. ‘वांझेचं कापड काऊन पायजे तुमाले? लेकराले काही झालं तं?’

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. ‘अवं येडे, जार्जेट होतं ते! जार्जेट! लेकराच्या डोक्याखाली जार्जेट घालतं काय? घामानं चिप्प होईन ना पोरगं. अन् सुई सरकते त्याच्यावर, टाका धरत नाही. तुह्या जावेच्या मायनं साटीन आनलं, तेबी वापस केलं मी. पाच लेकरं हायेत तिले!’

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. जॉर्जेट… फक्त जॉर्जेट! छातीवरचा वरवंटा कुणी येता-जाता सहज उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. मी हसत होते की रडत होते, मलाच समजेना. काकूंना त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. अंगणात तारेवर माझं रोजचं सुती पातळ वाळत होतं, हिरव्या काठाचं, नेसून नेसून मऊ पडलेलं. त्यांनी ते गालाला लावलं, ‘हे पाह्य, याले म्हन्तात कापड,’ म्हणाल्या आणि कमरेची कात्री काढून पदराचा तुकडा कापलासुद्धा. विचारलं नाही, सवरलं नाही!

‘काकू, नेसतं पातळ हाये ते माहं!’

‘मंग पदर आखूड घे.’

त्या पदर सारखा करणाऱ्या शेजारणीनं नंतर विषय काढलाच. ‘काकू, रीत तं लेकुरवाळीची हाये ना?’ काकूंनी दातानं दोरा तोडला. ‘लेकराचं डोकं कापडावर ठेवाचं हाये, कोनाच्या नशिबावर नाही.’ रेखाचं पोरगं त्या उशीवर असं गाढ झोपायचं की दूध पाजायला उठवावं लागे. पुढे एकदा मी भीत भीत विचारलं, काकू, खरंच जॉर्जेटचंच कारण होतं, का माझी समजूत काढली? तर भडकल्याच. ‘तुही समजूत काढाले मले टाइम हाये काय?’ मला आणखीच बरं वाटलं. दया केली असती तर ती टोचली असती.

काकूंची नजर मंद झाली तशी चिंध्या पारखायचं काम माझ्याकडे आलं. कोणी ठरवलं नाही, आपोआपच आलं. त्या बोटांच्या अंदाजानं टाके घालायच्या, मी कापड निवडायची. मला मूल झालं नाही ते नाहीच. पण आळीतल्या कितीतरी लेकरांनी माझ्या हातच्या कापडावर पहिली झोप काढली, आणि त्यांच्या आयांनी चिंध्या आणून माझ्या मांडीवर ठेवल्या. यापरतं मला काही नको होतं.

काकूंचं दिवसपाणी आटोपलं आणि आता पहिलीच उशी आली आहे. परवा एक पोरगी चिंधी घेऊन आली, बहिणीच्या बाळासाठी. ही पोरगी स्वतः नवऱ्यानं टाकलेली आहे, माहेरी राहते. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. ‘चालते का पाहा… नसन चालत तं राहू द्या,’ म्हणाली आणि खाली मान घालून उभी राहिली. मी चिंधी घेतली, चुरगळली, गालाला लावली. गुळगुळीत, चमकदार. काकूंचं सगळं मी उचललं आहे, एक सोडून. त्या कारण सांगत नसत. मी आधी कारण सांगते, आणि तेही चार घरं ऐकतील एवढ्या मोठ्यानं.

‘नायलॉन हाये वं हे! घाम येईन ना लेकराले! जाय, तुहं रोजचं सुती घेऊन ये लवकर.’

पोरगी पळतच गेली.