नारोशेट शेट्यांचा रोजचा सवाल

मांडवी बंदरात मुंबईची बोट लागली की वर्तमानपत्र आधी नारोशेट शेट्यांच्या किराणा दुकानात जाई. ते वाचून झाले की नारोशेट पायरीवरच्या आम्हा मंडळींना रोज एक सवाल घालत. विलायतेचा मुख्य प्रधान कोण, गोलमेज परिषदेला कोण गेले नाही, असले सवाल. उत्तर चुकले की म्हणत, "तुला तूरडाळ कळते तेवढी पुरे." मग स्वतःच उत्तर देऊन व्हाइसरॉयचे कुठे चुकले तेही सांगत. व्हाइसरॉय समोर नसल्याने वाद होत नसे.

तेहतीस साली ते म्युनिसिपालिटीला उभे राहिले. निवडून येण्याची इतकी खात्री की म्युनिसिपालिटीत बसायला नवा कोट आधीच शिवून घेतला. मते मागायला घरोघर हिंडले आणि सवयीने प्रत्येक दारात सवाल घातला, "वसाहतीचे स्वराज्य म्हणजे काय?" ज्याला सांगता आले नाही त्याला बजावले, "मग मत घालायला जाऊ नकोस. अडाण्यांच्या मतांनीच देश बुडतो."

नारोशेट सपाटून पडले आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले वकील लिमये निवडून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या आळीतल्या गुणाजी खलाशाला दुकानासमोर अडवले.

"गुणाजी, मत कोणाला घातलेस?"

"कोणालाच नाय, शेट. तुमीच नको म्हणालात ना? आमची सगळी आळी घरी बसली."

"मग त्या वकील लिमयांना एवढी मते आली कुठून?"

गुणाजी म्हणाला, "जिथं तुमी पोचला नाहीत, तिथनं."