माहेरचं पाणी आणि तन्वीचं अंग

शहाद्याच्या स्टँडवर सुरतेची गाडी लागली तेव्हा माझी तन्वी चार महिन्यांची होती आणि तिचं अंग लोण्यासारखं नितळ होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला स्वतःलाच ते खरं वाटेनासं झालं. माय खिडकीखाली उभी होती. आपल्या जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून तिने एक गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं होतं. गाडी हलली तशी ती दोन पावलं सोबत चालली. "पोरले ऊन लागू दिऊ नको. पोहची का फोन करजो," एवढंच म्हणाली. बापू, म्हणजे माझे वडील, केळीच्या बागेतून तसेच आले होते. शेवटपर्यंत तन्वीच्या पायाकडे बघत राहिले.

नवरा, संदीप, सुरतेतल्या उधन्याच्या एका डाईंग मिलमध्ये सुपरवायझर. खोली आमची तिसऱ्या माळ्यावर. सुरत तशी परकी वाटली नाही. आमच्या अहिराणीत निम्मी गुजराती मिसळलेली, त्यामुळे भाजीवाल्याशी पहिल्याच दिवशी जमलं. शेजारच्या हंसाबेन मला साड्यांचं काम देऊ लागल्या. काठाला लेस लावायची, पदरावर टिकल्या चिकटवायच्या. तन्वी झोळीत, मी खाली साड्यांच्या ढिगात. बरं चाललं होतं.

थंडी सुरू झाली आणि तिचे गाल लाल झाले. आधी वाटलं, थंडी-वारा असेल. मग कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे, मानेखाली पुरळ आलं. कातडी खरखरीत झाली, काही ठिकाणी चिरली, त्यातून पाणी यायला लागलं. तिला अजून बसताही येत नव्हतं, पण खाजवायला मात्र ती शिकली. उशीवर गाल घासायची. माझ्या खांद्यावर घेतलं की खांद्यावर घासायची. ब्लाउजवर रक्ताचे बारीक ठिपके उमटायचे.

मायला फोन केला. "निंबना पाला उकाळीसन आंघोळ घाल, दोन दिनमा उतरी जाई." पाला मिळवला. उतरलं नाही. मग तिने मोहरीचं तेल सांगितलं, मग बेसन-हळद. उटण्याने तर पोर अशी किंचाळली की मी अर्ध्यातच पाणी ओतलं. हंसाबेन दारात येऊन म्हणाल्या, "बेन, कोईनी नजर लागी छे," आणि मीठ-मिरच्या उतरवून गेल्या. मी तेही करू दिलं.

शेवटी तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी बघताक्षणी एक्झिमा म्हणून सांगितलं. साबण बंद. उटणं, तेल, पाला, सगळं बंद. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, पुसायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच जाड क्रीम. फार लाल असेल तिथेच मलम. नखं कापलेली, कपडे सुती. खोलीत साड्यांच्या जरीची धूळ उडते असं मी सांगितल्यावर ते काम घरात नको म्हणाले. मी साड्या परत दिल्या. खोली पुसपुसून काढली.

"बरी कधी होईल?" मी विचारलं.

"हे एकदम जात नाही. येतं, जातं. मूल मोठं होतं तसं बहुतेक कमी होतं," ते म्हणाले. वाईट बोलले नाहीत, पण मला तारीख हवी होती.

सगळं सांगितल्यासारखं केलं. आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा उसळायचं. दुपारी संदीप मिलमध्ये असायचा आणि मी तिचे दोन्ही हात धरून बसायचे, कारण सोडले की ती गाल ओरबाडायची. हात धरले म्हणून ती माझ्याकडे बघून रडायची. माझ्यापासूनच तिला सोडवून घ्यायचं असल्यासारखी. त्या वेळी मला एकच गोष्ट कळत होती. गावी जायला हवं.

फाल्गुनात शहाद्याला गेले. आणि खरंच, काही दिवसांत गाल निवले. कोपरं भरून आली. तन्वी अंगणात दुपट्यावर पालथी पडून कोंबड्यांना बोलवायला लागली. माय सगळ्या गल्लीला सांगत सुटली. मला म्हणाली, "दख, आपला गावना पानीनी गोष्टच येगळी शे. तिले आठेच ऱ्हाऊ दे. मोठी व्हयनी का लई जाय."

दोन दिवसांनी मी संदीपला फोन केला. "तिचं अंग तिथे बरं राहत असेल तर..." तो म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं. आमचं ठरलं. पोर इथे ठेवायची आणि मी परत जायचं. मी तिचं दूध तोडायला सुरुवात केली. वाटीने पाजलं तर ती तोंड फिरवायची, मायकडून मात्र दोन घोट प्यायची. मला त्याचा आनंदही व्हायचा आणि दारामागे जाऊन रडूही यायचं.

मी निघायच्या आदल्या सकाळी माय तिला अंघोळ घालत होती. अंघोळ अर्धी झाली आणि मायची बडबड थांबली. मी जाऊन बघितलं. मानेखाली, गुडघ्यामागे, तसंच लाल. दुपारपर्यंत गालावर आलं. तेच पाणी, तीच हवा, मायचे तेच हात.

माय मोरीच्या उंबऱ्यावर बसली. ओली तन्वी तिच्या मांडीवर. "मन्हं काय चुकनं? मन्हाकडे तं ती बरी व्हती," ती मला विचारत होती. मला, जिने दर खेपेला तिलाच विचारलं होतं. मी क्रीमची डबी आणली. मग ती हळू म्हणाली, "माले बी काही समजत नई, पोरी." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून हे ऐकलं. बापू ओसरीवरून म्हणाले, "लेकरू मायजोडेच ऱ्हावाले पाहिजे." दुसऱ्या दिवशी तन्वीला घेऊनच मी गाडीत बसले.

आता ती धावते. उन्हाळा बरा जातो, थंडीत कोपरं पुन्हा फुटतात. गाव सोडून आलेल्या बायका भेटल्या की म्हणतात, माहेरी ने, हवापालट होईल. मी मान हलवते. अंग फारच चिघळलं की मी अजूनही शहाद्याची गाडी धरते, पण बरं होईल म्हणून नाही. तिथे मी मलम लावते तेव्हा तिचे हात माय धरते. तन्वी रडते, आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसतो, आणि मला तेवढ्या वेळापुरतं एकटीने बघावं लागत नाही.