रेघेला हात

सौदीतल्या राबिघला आम्ही प्लांटवाल्यांनी रग्बी लीगचा संघ काढला. पहिलाच हंगाम, आणि मी रायगडचा कबड्डीपटू म्हणून मिरवत होतो. पहिल्या सामन्यात चौघांनी मला चेंडूसकट आडवं केलं. मी मातीत घासत मैदानाच्या मधल्या रेघेला हात लावला आणि सुटलो समजून, चेंडू तिथेच टाकून ऐटीत उठलो. समोरच्यांनी तो उचलला आणि थेट आमच्या टोकाच्या रेघेवर टेकवून गुण घेतले.

मध्यंतरात इंग्रज कोच माझ्यावर इतका ओरडला की माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "आमच्या खेळात रेघ गाठली की माणूस सुटतो!"

तो दंडाला धरून मला समोरच्यांच्या टोकाच्या रेघेपाशी घेऊन गेला.

"असाच घासत ये. हात इथे लाव. फक्त चेंडू सोडू नकोस."