रजेवरची पाटी

आमच्या आरोग्य केंद्रात मावशी झाडू मारते, कपाटं पुसते आणि रोज सकाळी दाराला ‘डॉक्टर रजेवर आहेत’ ही पाटी लावते. कुठले डॉक्टर, हे कोणी विचारत नाही. शेवटचे आले होते ते सत्काराची फुलं कोमेजायच्या आत बदलीचा अर्ज देऊन मोकळे झाले.

म्हणून मावशीच्या लेकीला मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा सगळं गाव धावलं. फी ऐकून मावशीचे डोळे पांढरे झाले होते. गावाने वर्गणी काढली. अट एकच: पोरीने शिकून इथेच यायचं. मावशीलाही दुसरं काय हवं होतं?

पण गावाला धीर कुठला! पहिलं वर्ष संपवून लेक सुट्टीला आली आणि दारात रांग लागली. शिंप्याने तर आपला दुखरा गुडघा वर्षभर तिच्यासाठी राखून ठेवला होता. वाणीणकाकू जीभ बाहेर काढूनच आत शिरल्या.

“काकू, आम्ही अजून हाडंच शिकतोय,” लेक म्हणाली.

“मग माझं हाडच बघ की!” शिंपी म्हणाला. “तुझ्या त्या जाड्या पुस्तकात माझीही वर्गणी आहे.”

शेवटी लेक कडी लावून बसली. “आई, मी शिकायला गेलेय की गहाण पडलेय? हे असंच चालणार असेल तर मी नाही परत येणार.”

दुसऱ्या सकाळी मावशीने केंद्रातली पाटी गुपचूप घरी आणून स्वतःच्या दाराला लावली. जादूच झाली. जो तो पाटी वाचे, मान डोलावे आणि मुकाट्याने माघारी फिरे. इतक्या वर्षांची सवय!

तिकडे मात्र केंद्रावर पाटी नाही, म्हणजे डॉक्टर आले! बघता बघता गाव लोटलं. सरपंच पुष्पगुच्छ घेऊन हजर. मावशी धापा टाकत घरी आली.

सगळं ऐकून लेकीने दारावरची पाटी उतरवली, केंद्रात नेली आणि सगळ्यांदेखत खिळ्याला अडकवली. गर्दी पांगली.

पुष्पगुच्छ परत नेताना सरपंच म्हणाले, “घ्या! डॉक्टर झाली नाही तोच रजेवर!”

मावशीने भीतभीत लेकीकडे पाहिलं. ती पोट धरून हसत होती.

“आई, खिळा सैल झालाय गं,” ती म्हणाली. “राहू दे तसाच. मी आले की उपटायला बरा.”

मावशीचा जीव भांड्यात पडला.