जुळलेल्या बैलाचं वय

बहात्तरच्या दुष्काळात घोडेगावच्या पुढे गुरांची छावणी उघडली होती आणि मी तिथे कारकून होतो. जनावर दाखल करताना आम्ही रंग, शिंगं आणि दात लिहायचो. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. बैलाचं वय कुणी वर्षांत सांगत नाही, आणि आमचंही त्यावाचून काही अडत नव्हतं.

पुढे हुकूम आला की सगळ्या नोंदी नव्या कार्डांवर उतरवायच्या. पुण्यात एक यंत्र ती वाचणार आणि चाऱ्याची यादी छापून देणार. कार्डावर वयाला दोन चौकोन, त्यांत फक्त आकडा चालायचा. दोनदातीला तीन, चारदातीला चार, सहादातीला पाच असं साहेबांनी ठरवून दिलं. जुळलेला मात्र सहाचाही असतो आणि पंधराचाही. "कळत नसेल तिथं शून्य टाका, चौकोन रिकामा ठेवू नका," साहेब म्हणाले. मी कुरकुरलो आणि शून्यं टाकली.

यादी आली. छावणीतले सगळे धिप्पाड बैल वासरांत जाऊन बसले होते. यंत्राच्या हिशेबी त्यांना जन्मून वर्षही झालं नव्हतं, म्हणून चाराही वासराचा. उसाचं वाढं वाटणारा गडी यादीबाहेर एक काडी देईना.

दुसऱ्याच दिवशी एक बाई बैलाचं दावं धरून माझ्या टेबलाशी आली. जोडीतला दुसरा बैल तिने आधीच विकला होता. हा टिकला तर दिराच्या बैलाशी जुंपून ती पेरणी करणार होती.

"ह्ये वासरू हाय, तर मंग ह्याची आई कुठं बांधली तेवढं दावा," ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि साहेबांचा रागही आला. दुरुस्तीचं कार्ड काढून मी बैलाचं वय विचारलं.

"धाकटी झाली त्या साली आणला. तवा दोनदाती हुता. धाकटी आता चौथीत हाय."

तीन आणि नऊ, बारा. माझा हात थांबला. दहाच्या वरचं जनावर म्हातारं धरून त्याला अर्धाच चारा द्यायचा, असा यंत्राच्या यादीचा नवा नियम होता. तो मी तिला सांगितला. अर्ध्या चाऱ्यावर हा बैल उभा राहणार नाही आणि येत्या बाजारात खाटकाच्या हाती जाईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

तिने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला.

"मंग धाकटीला पयलीत बसवा," ती म्हणाली.

मी नऊ लिहिलं. पुढच्या यादीत त्याला पुरा चारा आला.

मग बाकीच्या जुळलेल्या बैलांच्या मालकांनाही मी एकेक करून बोलावलं, नियम समजावून सांगितला आणि मगच वय विचारलं. आमच्या छावणीत दहाच्या वरचा एकही बैल निघाला नाही.