गेम घेतला म्हणता, मग कुठाय?

आमच्याकडं किस्से कुणी जमवत नाही. सीपीयूच्या पंख्यात धूळ साचते ना, तसे ते आपोआप साचतात. महिनोन्‌महिने कुणाचं लक्ष नसतं. मग एखाद्या रविवारी कुणीतरी झाकण उघडतं आणि हसून हसून सगळ्यांना ठसका लागतो!

आम्ही चौघं पॉलिटेक्निकपासूनचे मित्र. इम्तियाजचं सोलापुरात नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. श्रीनिवास अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलची डिझाइनं करतो. मल्लिनाथ, म्हणजे आमचा मल्लू, खतं आणि औषधं विकतो. गावाकडं त्याच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. आणि मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. चाळिशी उलटली, तिघांना चष्मे लागले, पण गेमचं वेड काही गेलं नाही. रविवारी सकाळी इम्तियाजच्या दुकानात चहा आणि एकच वाद: गेम डब्यातला खरा की डाउनलोड केलेला?

*

श्रीनिवास डब्याच्या पार्टीतला. "हातात धरता येत नाही ती वस्तू आपली कशी?" हा त्याचा ठरलेला सवाल.

एकदा तो पुण्याला लग्नाला गेला आणि येताना लढाईच्या एका गेमचा डबा घेऊन आला. जाडजूड डबा, वर सोनेरी अक्षरं. वाटेत उघडलासुद्धा नाही. घरी आल्यावर सगळ्यांना बोलावून, हात धुऊन, ब्लेडनं हळूच प्लास्टिक कापलं.

आत डीव्हीडीच नव्हती! एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर लांबलचक कोड आणि खाली सूचना: हा कोड टाकून गेम डाउनलोड करा.

श्रीनिवासनं डबा उलटा केला, झटकला, आत बोट फिरवलं. काही नाही. त्याचे वडील खुर्चीत बसून सगळं बघत होते. त्यांचं आयुष्य मागावर गेलेलं. त्यांनी ती चिठ्ठी मागून घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "टॉवेलाच्या पाकिटात टॉवेल न घालता 'तुमचा तुम्ही विणून घ्या' अशी चिठ्ठी मी घातली असती, तर गिऱ्हाइकानं मला मागाला बांधलं असतं!"

*

आमच्या घरी खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, अडकित्ता, ह्यांचा पाना-पक्कड, आणि माझ्या गेमचे डबेसुद्धा. सासूबाईंच्या मते ती सुनेची हत्यारं. एका वर्षी त्यांनी विचारलं, "यंदा नवीन काही घेतलंस का?"

"घेतला की एक गेम."

"मग ठेव पाटावर."

"आई, तो ठेवता येत नाही. तो नेटवरनं येतो."

"नेट कुठनं येतं?"

मी भिंतीवरच्या राऊटरकडं बोट दाखवलं. सासूबाई स्टुलावर चढल्या, राऊटरला हळदकुंकू लावलं आणि त्याच्या अँटेनात झेंडूचं फूल खोचलं.

नेमकं त्या दिवशी नेट असं पळालं की संध्याकाळपर्यंत चालणारं डाउनलोड दुपारच्या जेवणाआधी संपलं! तेव्हापासून घरातलं नेट गेलं की मी तक्रारीचा फोन लावायच्या आधी सासूबाई विचारतात, "फूल बदललंस का?"

*

सुरुवातीला आम्हा चौघांत मिळून एकच ऑनलाइन अकाउंट होतं. अडचण अशी की एका वेळी एकालाच खेळता यायचं. मी इकडं राक्षसाचा शेवटचा घाव चुकवतेय, तोवर तिकडं मल्लू लॉग-इन करणार, आणि माझ्या स्क्रीनवर अंधार! फोनवर भांडणं व्हायला लागली तसा इम्तियाजनं तोडगा काढला. मोठ्या अक्षरांत वेळापत्रक लिहून दुकानाच्या काचेवर चिकटवलं: सोमवार, गुरुवार श्रीनिवास. मंगळवार, शुक्रवार मल्लिनाथ. बुधवार, शनिवार मॅडम. रविवारी इम्तियाज. वेळ सहा ते आठ.

दुसऱ्याच दिवशी एक काकू रस्त्यावरनं जाता जाता थांबल्या. वेळापत्रक नीट वाचलं आणि आत येऊन म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गल्लीचं नाव न्हाई ह्यात. आमाला पाणी कधी?"

इम्तियाज म्हणाला, "खाला, ये पानी का नै, गेम का टाइम है."

काकू जाताना म्हणाल्या, "म्हंजे तेबी चार दिवसांनीच येतंय व्हय!"

*

मल्लू मात्र पक्का डाउनलोडवाला. "डबे ठेवायला घरात जागा कुटं हाय?" म्हणत त्यानं सगळ्या जुन्या सीड्या गावाकडं नेऊन टाकल्या. पण त्याच्या घरचं नेट लई गरीब. गाड्यांच्या शर्यतीचा ऐंशी जीबीचा गेम घेतला, तर स्क्रीनवर आलं: शिल्लक वेळ, एकोणीस दिवस!

त्याची बहीण मोडनिंबला असते. तिच्याकडं नुकतंच नवं, वेगवान नेट आलं होतं. मल्लूनं सरळ आपला सीपीयू सोलापुरी चादरीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. कंडक्टर आला. "ओ साहेब, काय हाय ह्यात?"

"कॉम्प्युटर हाय. मोडनिंबला गेम भरायला चाललोय."

"रिकामा हाय का मग?"

"हो, रिकामाच."

दोन दिवस बहिणीकडं पाहुणचार झाला, गेम भरला. परत येताना योगायोगानं कंडक्टर तोच! त्यानं चादर ओळखली. "भरला का?"

"भरला की. ऐंशी जीबी!" मल्लू छाती फुगवून म्हणाला.

कंडक्टरनं वाकून गाठोडं दोन्ही हातांनी उचलून बघितलं, पुन्हा मल्लूच्या मांडीवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, फसवलं तुमाला. वजन तेवढंच हाय की!"

*

तो शर्यतीचा गेम मल्लू दीड वर्ष खेळला. मग एके दिवशी तो यादीतून गायब! ऑनलाइन दुकानानं तो काढून टाकला होता. श्रीनिवासला इतका आनंद झाला की त्यानं त्या रविवारी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

मल्लू गप्प बसणारा नव्हे. त्यानं माझ्याकडून रीतसर अर्ज लिहून घेतला. 'विषय: माझा गेम परत मिळणेबाबत.' खाली 'आपला विश्वासू'. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडायची म्हणत होता, ती मी नको म्हटलं. आठवड्यानं मशीननं केलेल्या मराठीत उत्तर आलं: 'प्रिय मल्लिनाथ, आपण गेम विकत घेतलेला नव्हता. आपण फक्त तो खेळण्याचा परवाना घेतला होता.'

मल्लूनं ते तीनदा वाचलं. "अय्यो! मीबी औषधाच्या दुकानाचा परवाना काढलाय. पण दुकान तरी माझं हाय की!"

*

मग मल्लूला सीड्यांची आठवण झाली. मोटरसायकलला टांग मारून तडक गावाकडं गेला. कपाट उघडलं तर रिकामं. आई म्हणाली, "अप्पांना विचार. बागेत हायत."

बागेत जाऊन बघतो तर काय! द्राक्षाच्या ओळींवर त्याच्या साठ-सत्तर सीड्या दोऱ्यांनी टांगलेल्या. उन्हात लखलख चमकत गरगर फिरताहेत.

"अप्पा, ह्या माझ्या गेमच्या सीड्या!"

"व्हय की," अप्पा कौतुकानं म्हणाले. "कपाटात पडून हुत्या, आता कामाला लागल्या. लई चांगल्या हायत. पाखरू फिरकत न्हाय."

मल्लूला रडावं की हसावं कळेना. अप्पा त्याला हाताला धरून कोपऱ्यातल्या वेलीपाशी घेऊन गेले. "ही एक तेवढी बघ. हिला पाखरं भीतच न्हाईत. शेजारी बसून द्राक्षं खात्यात. ही डुप्लिकेट हाय का रं?"

मल्लूनं सीडी वळवून वाचली. बाकी सगळ्या ओरिजिनल होत्या. तेवढी एकच, कॉलेजात असताना इम्तियाजनं कॉपी करून दिलेली!

*

आता मागच्या वर्षीचं सांगते. तोवर आम्ही चौघांनी वेगवेगळी अकाउंटं काढली होती. डब्यातून चिठ्ठ्याच निघायला लागल्यावर श्रीनिवाससुद्धा नाइलाजानं डाउनलोडवर आला होता.

एका शुक्रवारी सकाळी तो सात रस्त्याला नाश्ता करायला थांबला आणि बाइकला अडकवलेली लॅपटॉपची बॅग गेली. गेम गेले त्याचं काही नव्हतं, ते अकाउंटमध्ये सुरक्षित होते. पण एका मोठ्या हॉटेलच्या ऑर्डरची टॉवेलची डिझाइनं फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती. सहा महिन्यांचं काम, आणि बुधवारी पार्टी बघायला येणार. चौकीत तक्रार दिली. मालकाला मात्र सांगायची हिंमत होईना. दोन दिवस धड जेवला नाही. रविवारी इम्तियाजच्या दुकानात आला तो नुसता चहाच्या कपाकडं बघत बसला.

मल्लूनं त्याला बरं वाटावं म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपलं अकाउंट उघडलं आणि एकदम ओरडला, "श्रीनिवास, तू गेम खेळतोयस!"

"मी? मी तर हितं बसलोय!"

स्क्रीनवर मित्रांच्या यादीत स्पष्ट दिसत होतं: श्रीनिवास, ऑनलाइन, किल्ल्याचा गेम खेळत आहे.

"लॅपटॉपला पासवर्ड नव्हता का?" मी विचारलं.

"होता की," श्रीनिवास खाली मान घालून म्हणाला. "चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवला होता."

इम्तियाज म्हणाला, "चौकीत फोन करतूं मैं." श्रीनिवासनं त्याचा हात धरला. "थांब. घाबरून त्यानं सगळं पुसून टाकलं तर?" त्यानं मल्लूच्या अकाउंटवरून मेसेज लिहिला: "हा लॅपटॉप माझा आहे. मी श्रीनिवास."

उत्तर आलं. "सॉरी."

पुन्हा मेसेज. "दादा, त्या पुलावरनं पलीकडं कसं जायचं? पहारेकरी मारतोय."

"सांग की लवकर!" मल्लू म्हणाला. "खूश होईल तो."

"काय सांगू?" श्रीनिवास रडकुंडीला आला. "वर्ष झालं, मीच तिथं अडकलोय!"

त्यानं तसंच लिहून पाठवलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. चहाचा दुसरा राऊंड झाला. मग टिंग वाजलं. "जमलं दादा. हातातली मशाल विझवायची. मग त्याला आपण दिसत न्हाई."

"अरेच्चा, असं व्हय!" श्रीनिवास खुर्चीतून उठलाच. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग एकदम भानावर येऊन त्यानं लिहिलं, "हे बघ, लॅपटॉपचं राहू दे. डेस्कटॉपवर 'फायनल' नावाचं फोल्डर आहे. तेवढं पुसू नको. माझी नोकरी आहे त्यात."

उत्तर आलं: "फायनल, फायनल दोन, का खरं फायनल?"

"तिन्ही!"

"बरं."

आणि तो ऑफलाइन गेला.

सोमवारी दिवसभर काही नाही. मंगळवारी श्रीनिवास राजीनामा द्यायच्या तयारीनं कारखान्यात गेला, तर गेटवर वॉचमननं हाक मारली. "सर, तुमचं पार्सल. एक जण देऊन गेला. नाव विचारलं तर पळाला." टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप! श्रीनिवासनं तिथंच, वॉचमनच्या स्टुलावर बसून तो उघडला. तिन्ही फायनल जागच्या जागी; डिझाइनांवर कारखान्याचं नाव होतं, त्यावरूनच त्यानं गेट शोधलं असणार. चार्जिंग फुल्ल. आणि किल्ल्याचा गेम शेवटपर्यंत पूर्ण केलेला!

बुधवारी डिझाइनं पास झाली. त्यानं पासवर्ड बदलला, चिठ्ठी काढली आणि डिझाइनांच्या तीन कॉप्या करून एकेक आमच्या तिघांकडं ठेवायला दिली.

पुढच्या रविवारी आम्ही दुकानात बसलो होतो. श्रीनिवासनं लॅपटॉप उघडला तर अनोळखी अकाउंटवरून फ्रेंड रिक्वेस्ट आलेली. सोबत एक ओळ: "दादा, पार्ट टू आलाय. ह्यो दोघांनी मिळून खेळायचा हाय."

आम्ही तिघं एकदम ओरडलो, "नको!"

श्रीनिवासनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि 'ॲक्सेप्ट' दाबलं.